यंदाचा फोक आणि पुढील सालचें फळ

(वाचनासाठीं शास्त्रभाग : योहान १५:१-८, गणना २७:१५-२३, २ तीमथ्य ४:९-११)



आपला प्रभु शेतकऱ्यांशीं शेतकऱ्यांच्याच भाषेंत बोलला. बीं, नांगर, खळें, मेंढवाडा, अंजिराचें झाड, द्राक्षीचा वेल, हींच त्याचीं पुस्तकें होतीं. ह्यास्तव एखाद्या झाडापासून धडा घ्यावयास आम्ही बसलों तर कांहीं नवीन करितों असें नाहीं. आजच्या मननासाठीं आम्हीं एक परदेशी झुडूप निवडिलें आहे. त्याचें नांव ब्लॅकबेरी. इंग्लंडांत, अमेरिकेंत व युरोपांतील इतर देशांत पुष्कळ लोक तें आपल्या परसांत, कुंपणाच्या कडेनें लावितात. त्याचें फळ दिसावयास तुतीसारखें. लहान लहान रसाळ दाणे एकमेकांस चिकटून एक फळ झाल्यासारखें असतें. तें आधीं हिरवें, मग तांबडें व पिकल्यावर काळें होतें. त्या झुडपास हिंवाळ्यांत चांगली थंडी लागते, म्हणून आपल्या देशावरील उन्हांत तें नीट होत नाहीं. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर रानांत गौरीफळ म्हणून जें कांटेरी झुडूप आढळतें तें ह्याच्याच कुळांतलें, व महाबळेश्वराच्या मळ्यांत रासबेरी लावितात तीही ह्याचीच बहीण.

शास्त्रांत कांटेरी झुडपास फारसा मान दिलेला दिसत नाहीं. योथामाच्या दृष्टांतांत (शास्ते ९) जैतून, अंजीर व द्राक्षवेल ह्यांनीं नाकारिलेलें राजपद कांटेरी झुडूप मोठ्या तोऱ्यानें घेतें. अशा झुडपापासून द्राक्षांची अपेक्षा कोणी करीत नाहीं, असें प्रभूनेंही सांगितलें आहे (लूक ६:४४). तेथें मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे तो ब्लॅकबेरीसारख्या कांटेरी झुडपांस लावीत असत. पालेस्टाईनांत ओढ्यांच्या कांठीं हीं झुडपें आजही होतात व त्यांचीं काळीं फळें खाण्याजोगीं असतात. तेव्हां झुडपास फळच येत नाहीं असें प्रभूनें म्हटलेलें नाहीं. प्रत्येक झाड आपल्या जातीचें फळ देतें एवढेंच त्याचें सांगणें. आणि हाच शब्द लूकानें आणखी एका ठिकाणीं (२०:३७) योजिला आहे. तें झुडूप म्हणजे मोशानें होरेबाजवळ पाहिलेलें, पेटलेलें असूनही भस्म न झालेलें झुडूप. सीनाय पर्वताच्या पायथ्याशीं सेंट कॅथरीनच्या मठांत तेथील साधु परंपरेनें ज्या झुडपास मोशाचें झुडूप म्हणून जपतात, तें ब्लॅकबेरीच्याच जातीचें आहे. ज्यास लोक वाटेंतला अडथळा समजतात त्यांतही देव प्रगट होतो. आमच्यांपैकीं पुष्कळांचे वाडवडील गांवकुसाबाहेर राहत होते; त्यांच्या लेंकरांस ही गोष्ट फोड करून सांगण्याचें कारण नाहीं.

आतां ह्या झुडपाची रीत पाहूं. ह्याचें मूळ पुष्कळ वर्षें जगतें. परंतु मुळांतून निघणाऱ्या प्रत्येक फोकाचें आयुष्य सामान्यतः दोनच वर्षांचें असतें. पहिल्या वर्षीं फोक वर येतो, लांब वाढतो, त्यास पानें येतात, कांटे येतात. फूल मात्र एकही येत नाहीं. मग थंडी येते, पानें झडतात, आणि तो फोक बर्फांत उभा राहतो. दुसऱ्या वर्षीं त्याच फोकाच्या बगलांतून लहान डहाळ्या फुटतात, त्यांस पांढरीं किंवा गुलाबी फुलें येतात व उन्हाळ्याच्या शेवटीं काळ्या फळांचे घोंस लोंबूं लागतात. फळ देऊन झालें म्हणजे तो फोक वाळतो. तो पुन्हां कधीं फळत नाहीं. परंतु तो फळत असतां त्याच मुळांतून दुसरे फोक वर येत असतात. त्यांजवर पुढील सालचें फळ यावयाचें असतें. अशा रीतीनें एकाच मुळावर, एकाच वेळीं, दोन वयांचे फोक असतात : एक फळाच्या ओझ्यानें वांकलेला, दुसरा नुसता हिरवा.

जाणता माळी परसांत दोन खांब रोवून तारा ताणतो, व पुष्कळदां फळणारे फोक एका बाजूस व नवे फोक दुसऱ्या बाजूस बांधितो. त्यायोगें फळें काढतांना नव्यांस इजा होत नाहीं, जुन्यांवरचा रोग नव्यांवर सहसा उतरत नाहीं, आणि हंगाम संपल्यावर कोणता फोक काढावयाचा व कोणता ठेवावयाचा हें चटकन कळतें. अजाण माणूस दोहोंपैकीं एक चूक करितो. एक जण फळ संपतांच सगळें झुडूप जमिनीबरोबर छाटून टाकितो. त्याच्या परसांत पुढल्या वर्षीं पाला दिसतो, फळ दिसत नाहीं. दुसरा कांहींच कापीत नाहीं. त्याच्या परसांत चार वर्षांत अशी जाळी माजते कीं, वाळलेले फोक कोणते व ओले कोणते हें ओळखूं येत नाहीं, आंत वारा नाहीं, ऊन नाहीं, आणि जें थोडें फळ येतें तें कांट्यांमुळें हातीं लागत नाहीं.

प्रियहो, ह्या दोन्ही चुका आम्ही मंडळ्यांत होतांना पाहतों. त्यांविषयीं आज बोलावयाचें आहे.

पहिला धडा हा कीं, हिरवा फोक फळ नाहीं म्हणून कापूं नये. एखाद्या गांवीं एक नवें कुटुंब बाप्तिस्मा घेतें. त्या दिवशीं मोठा आनंद होतो. पुढें वर्ष जातें. घरधनी उपासनेस येतो, पण उशिरां येतो. त्याची बायको गाणें शिकते, पण मूल आजारी पडलें तेव्हां सासूनें बांधिलेला गंडा तिनें काढिला नाहीं. दानाच्या पेटींत त्यांचा पैसा क्वचित् पडतो. जत्रेच्या दिवशीं थोरला मुलगा जत्रेंत दिसला. मग पंचांची बैठक बसते आणि कोणी म्हणतो, "हे कसले ख्रिस्ती? नांव काढून टाका." त्या पंचांस आम्ही नम्रपणें विचारितों : तें कुटुंब हिरवें आहे कीं वाळलेलें? तीं माणसें येतात ना? ऐकतात ना? चुकलें असें दाखविलें तर त्यांस वाईट वाटतें ना? मागच्या वर्षाहून हातभर तरी वाढलीं आहेत ना? तसें असेल तर तो पहिल्या वर्षाचा फोक आहे, आणि त्यास कापणें म्हणजे पुढील सालचें फळ आपल्याच हातानें कापणें होय.

मार्काची गोष्ट ध्यानांत आणा. पौल व बर्णबा ह्यांच्याबरोबर तो निघाला आणि पंफुल्यापर्यंत जाऊन माघारा फिरला. पुढें त्यास पुन्हां सोबत घ्यावें कीं नाहीं ह्यावरून त्या दोघां थोर सेवकांत इतका तीव्र वाद झाला कीं, ते वेगळे झाले (प्रे. कृ. १५:३७-३९). पौलाचें म्हणणें गैरवाजवी नव्हतें. काम कठीण होतें आणि तो तरुण एकदां टाकून गेला होता. परंतु बर्णबानें त्यास आपल्याबरोबर कुप्रास नेलें. बर्णबानें तो फोक बांधून ठेविला. पुष्कळ वर्षांनंतर तुरुंगांतून शेवटचें पत्र लिहितांना पौल त्याच मार्कास बोलावणें पाठवितो, कारण सेवेसाठीं आपणांस त्याचा उपयोग आहे असें त्यास वाटतें (२ तीमथ्य ४:११). मंडळीच्या फार पुरातन परंपरेनुसार आपल्या हातीं असलेलें दुसरें शुभवर्तमान ह्याच मार्काचें आहे. बर्णबानेंही त्यास सोडिलें असतें तर?

आपल्या महाराष्ट्रांतच पाहा. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. मधल्या पांच वर्षांत वियोग होता, दुःख होतें, सोंवळ्याओंवळ्याचा झगडा होता. तीं पांच वर्षें बाहेरून पाहणारास फळावांचून गेलेलीं दिसलीं असतीं. परंतु त्याच बाईनें पुढें 'स्मृतिचित्रें' लिहिलीं, आणि तीं मराठी भाषा वाचणारा प्रत्येक जण, ख्रिस्ती असो वा नसो, आजही आवडीनें वाचतो.

कोणी म्हणेल, शिस्त नकोच काय? हवी. ब्लॅकबेरीच्या ताठ वाढणाऱ्या जातींत नवा फोक कमरेच्या वर गेला म्हणजे माळी त्याचा शेंडा खुडतो, म्हणजे त्यास बगलेंतून फांद्या फुटतात व दुसऱ्या वर्षीं त्या फांद्यांवर फळ अधिक येतें. शेंडा खुडणें निराळें, बुडाशीं कापणें निराळें. नाशिककडील द्राक्षबागाइतदार एप्रिलांत छाटणी करितात ती काडी तयार व्हावी म्हणून, व ऑक्टोबरांत करितात ती घड यावा म्हणून. एप्रिलनंतर वेलावर घड दिसत नाहीं म्हणून कोणी वेल उपटीत नाहीं. आपला स्वर्गीय पिता माळी आहे असें प्रभूनें सांगितलें. त्याच्या हातीं कात्री आहे हें खरें, पण ती जाणत्याच्या हातीं आहे. आमच्या हातीं ती आली तर आम्हीं त्याची दृष्टिही मागून घेतली पाहिजे.

एक गोष्ट सत्यास धरून सांगितली पाहिजे. पहिल्याच वर्षीं फळणाऱ्या जातीही आतां निघाल्या आहेत. अमेरिकेंतील आर्कान्सा विद्यापीठानें २००४ सालीं अशा दोन जाती प्रसिद्ध केल्या. मंडळींतही कधीं कधीं असें होतें. एखादा नवा विश्वासी वर्षाच्या आंत आपलें सगळें घर प्रभूकडे आणितो. त्याबद्दल देवाचे आभार मानावे. पण त्याच्या मापानें शेजाऱ्यास मापूं नये. देव आपल्या झाडांस निरनिराळा ऋतु नेमून देतो.

दुसरा धडा अधिक कठीण आहे, व तो आमच्यांतील वडील मंडळींसाठीं आहे. ज्या फोकाचें काम झालें त्यानें वेळेवर बाजूस व्हावें. एखाद्या गांवीं वीस-पंचवीस वर्षें एकाच भावानें भजन चालविलें, एकाच घरानें किल्ली सांभाळिली, एकाच उपदेशकानें प्रार्थना केली. त्यांनीं खरोखर फळ दिलें. उन्हातान्हांत चालले, शिव्या खाल्ल्या, विहिरीवर पाणी मिळालें नाहीं तरी हटले नाहींत. त्यांच्या घामावरच आजची मंडळी उभी आहे. परंतु आतां वचन वाचावयास तरुण उठला तर वडील म्हणतात, "अजून लहान आहे." तो लहान असतो, मग तीस वर्षांचा होतो, मग चाळीस वर्षांचा होतो, आणि शेवटीं मागच्या रांगेंत बसतो, किंवा येतच नाहीं.

मोशानें असें केलें नाहीं. आपला काळ जवळ आला हें कळतांच त्यानें लोकांची चिंता केली. लोक मेंढपाळावांचून राहूं नयेत म्हणून दुसरा मनुष्य मागितला. मग सर्व मंडळीसमोर यहोशवावर हात ठेविला, आणि देवाच्या आज्ञेनें आपल्या अधिकाराचा कांहीं भाग आपण जिवंत असतांनाच त्यास दिला. ह्यांतलें मर्म पाहा : दोन्ही फोक कांहीं काळ एकाच मुळावर उभे होते. मोशे असतांना यहोशवा शिकला. पुढें मात्र यहोशवाच्या पिढीनंतर काय झालें तें शास्ते २:१० मध्यें लिहिलें आहे. देवास न ओळखणारी पिढी उठली. मूळ होतें, पण नवा फोक कोणी बांधिला नव्हता.

वडिलांनो, हें ऐकतांना तुमच्या मनास काय वाटत असेल तें आम्ही जाणतों. काम सुटलें म्हणजे आपणांस सरपणांत टाकिलें असें वाटतें. परंतु उपमा जेथपर्यंत पोंचते तेथपर्यंतच न्यावी. फोक वाळतो, देवाचा सेवक बाहेरून झिजला तरी आंतून नवा होत जातो, असें पौलानें आपल्या अनुभवावरून लिहिलें आहे (२ करिंथ ४:१६). आणि माळ्यांस ठाऊक आहे कीं, फळून झालेला फोकही जोंवर ओला आहे तोंवर आपल्या पानांतलें सत्त्व मुळाकडे धाडीत असतो. म्हणून कित्येक माळी तो अगदीं घाईनें काढीत नाहींत. तुमचें काम आतां तेंच आहे. किल्ली द्या, पण प्रार्थना ठेवा. व्यासपीठ द्या, पण तरुण प्रथम बोलेल त्या दिवशीं पुढच्या रांगेंत बसा. तो चुकेल तेव्हां घरीं बोलावून चहा द्या व हळू सांगा. टिळकांनीं 'ख्रिस्तायन' हातीं घेतलें आणि १९१९ सालीं ते प्रभूकडे गेले तेव्हां तें काव्य अपुरें होतें. लक्ष्मीबाईंनीं तें पुढें चालवून पूर्ण केलें. एका हातून सुटलेलें दुसऱ्या हातीं गेलें, म्हणून आपणांस तें मिळालें.

बाजूस काढण्याजोग्या आणखीही कांहीं गोष्टी आहेत, आणि त्यांत तर मुळींच उशीर नको. जुनीं भांडणें, ज्यांचें कारण सांगणाराही आतां उरला नाहीं. आमचें घराणें गांवांत पहिलें ख्रिस्ती झालें हा ताठा. अमक्या पंक्तींत अमक्यानें मान दिला नाहीं ही अढी. हे मेलेले फोक आहेत. रोग त्यांतच घर करितो व तेथून ओल्या फोकांवर येतो. ते ओढून काढा आणि जाळा.

तिसरा धडा मुळाविषयीं आहे. १९२६ सालीं अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत एक बिनकांट्याची ब्लॅकबेरी आढळली. लोकांस मोठा आनंद झाला. हात न ओरबाडतां फळ काढतां येऊं लागलें. परंतु तिच्यांत एक दोष होता. तिचा बदल केवळ बाहेरच्या थरापुरता होता. फोकाचा शेंडा मातींत पुरून रोप केलें तर तें बिनकांट्याचें होई; पण कुदळीनें मुळास घाव बसला, किंवा कडक थंडीनें वरचें झाड मेलें आणि मुळांतून नवा फोक फुटला, म्हणजे तो कांट्यांनीं भरलेला निघे. वरून गुळगुळीत, मुळांत कांटा. पुढें इंग्लंडांत मर्टन येथील जॉन इनिस संस्थेंत जी जात तयार झाली तिचा बदल आंतबाहेर सारखा होता, आणि आजच्या कित्येक चांगल्या बिनकांट्याच्या जाती तिच्यापासून निघाल्या आहेत.

बंधूंनो, आमच्या मंडळ्यांतील बदल कोठपर्यंत गेला आहे? प्रभुभोजनाच्या वेळीं आम्ही एका पेल्यांतून पितों. गाण्यांत सर्वांस भाऊ म्हणतों. बाहेरची साल गुळगुळीत आहे. परंतु मुलीच्या लग्नाची गोष्ट निघते तेव्हां पहिला प्रश्न काय असतो? "ते मूळचे कोण?" असें हळूच विचारिलें जातें. घाव मुळास बसला, आणि कांटा वर आला. आणि तो कांटा आम्हीं मनांत कितीही लपविला तरी आमच्या मुलांत तो उघडा दिसतो, कारण मुलें हीं मुळांतून फुटलेलीं असतात. तीं आमचें गाणें ऐकत नाहींत, आमचा प्रश्न ऐकतात. तरुण मंडळींत येत नाहींत अशी तक्रार करण्यापूर्वीं आम्हीं हें पाहावें कीं, ज्या मुळांतून त्यांनीं यावयाचें त्यांत आम्हीं काय ठेविलें आहे. प्रभु सालीपुरता बदल करावयास आला नाहीं. नवा जन्म ह्याचा अर्थ मुळापासून नवा, आणि तो ज्याला मागावासा वाटतो त्याला तो देतो. साठ वर्षांच्या मनुष्यासही देतो, कारण निकदेम तरुण नव्हता.

आतां जातां जातां तीन कामें सांगतों; तीं ह्या महिन्याच्या आंत होण्याजोगीं आहेत. पहिलें, पंचांनीं मंडळीचें नोंदणीपुस्तक उघडावें, मागील दोन वर्षांत ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांचीं नांवें काढावीं, आणि प्रत्येक कुटुंबाशीं एक जुनें कुटुंब जोडून द्यावें. त्यांनीं महिन्यांतून दोनदां तरी त्यांच्या घरीं जावें, आणि दोष काढावयास जाऊं नये. नांव कमी करण्याचा ठराव येईल तेव्हां प्रथम त्या जोडीदार कुटुंबास विचारावें. दुसरें, प्रत्येक उपदेशकानें व वडिलानें एक तरुण किंवा तरुणी निवडून आपल्याबरोबर वस्तीवर न्यावी, आणि येत्या चार शब्बाथांपैकीं एका शब्बाथीं वचन वाचण्याचें व एका शब्बाथीं प्रार्थना चालविण्याचें काम तिजकडे किंवा त्याजकडे सोंपवावें. तिसरें, ज्याच्याशीं बोलणें बंद आहे त्याच्या दारीं पुढील प्रभुभोजनापूर्वीं जावें. हें तिसरें काम सर्वांत लहान दिसतें, पण उंबरठ्यावर पाय ठेवितांना कांटा किती खोल आहे तें कळेल.

ब्लॅकबेरीचें फळ काढणारास एक गोष्ट शिकावी लागते. फळ काळें झालें म्हणजे लगेच तोडावयाचें नसतें. त्याचें तेज थोडें मंदावलें व हात लावतांच तें सुटून आलें, म्हणजे तें गोड झालें असें समजावें. चकाकणारें फळ पुष्कळदां आंबट असतें. आपला पिता असा वाट पाहणारा आहे. त्यानें आम्हांपैकीं प्रत्येकाची किती वाट पाहिली हें ज्यानें त्यानें आठवावें, आणि तितकीच वाट आपल्या धाकट्या भावाची पाहावी.

हे स्वर्गीय पित्या, तूं माळी आहेस व आम्ही तुझें लावणें आहों. जे नवे आहेत त्यांस वाढीव, आणि त्यांस छाटण्याची घाई आमच्या हातांतून काढ. ज्यांनीं ओझें वाहिलें त्यांस विसांवा दे, आणि आपली जागा देण्याचें मोठें मन दे. आमच्या मुळांतला कांटा तूंच काढ, कारण तेथपर्यंत आमचा हात पोंचत नाहीं. आमच्या गांवोगांवच्या लहान मंडळ्यांत पुढील सालचें फळ आम्हांस पाहावयास मिळो. आणि तें पाहण्यापूर्वीं तूं आम्हांस बोलाविलेंस तर आमच्या लेंकरांस तें मिळो. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.